केवलरामांची तीन पाळ्यांची वही

पडदा वर जातो, मंडळी. कुरुद वस्तीच्या टोकाची एक गल्ली. दोन्ही बाजूंना नवीकोरी घरं, मधोमध घोटाभर सांडपाणी, आणि त्यात मांडलेल्या विटांवरून पँट वर दुमडून, तोल सावरत येणारे केवलराम बोपचे.

छत्तीस वर्षं पोलाद कारखान्यात काढली, राहणं कारखान्याच्याच टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये. तिथं नळ गळला की मेंटेनन्स ऑफिसात तक्रार लिहायची, माणूस हजर. ही सवय हाडात मुरलेली. रिटायर होऊन कुरुदला स्वतःचं घर बांधलं, तरी नालीची तक्रार ते तिथंच देऊन आले. एकदा नाही, पाचदा. शेवटी तिथल्या बाबूनं हात जोडले, "काका, आता तुम्ही आमचे नाही. नगर निगमात जा."

हे फार लागलं त्यांना. पण खरं संकट घरात होतं. विटेवरून घसरून सिंधुताईंचा हात मोडला होता. त्यांनी नवऱ्याला बजावलं, "या बजेटात नाली नाही आली तं मी तिरोड्याले बहिणीकडे राहाले जातो. तुमी इथं मासोळ्या पाळा."

वॉर्डाच्या पार्षद, म्हणजे नगरसेविका, पंचफुलाबाईंनी निगमातला कागद दाखवला. सर्वे झाला तेव्हा गल्लीत अकराच घरं होती. "अकरा घरांसाठी निधी कोण देईन, काका? नवा पुरावा आणा, सभेत भांडाचं माझ्याकडे लागलं."

पुरावा कसा ठेवायचा हे केवलरामांना कुणी शिकवायला नको होतं. पाळी बदलताना लॉगबुक भरून देण्यातच जन्म गेला होता. त्यांनी वही आणली, रेघा मारल्या. ए पाळी, बी पाळी, सी पाळी. पाणी किती इंच, कोणाच्या दारापर्यंत. खाली पाळी देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. शेजारचा चंपत हसला, "काका, ओव्हरटाइम भेटते का?" आठवड्यानं तोच पट्टी घेऊन पाण्यात उभा. दोन महिन्यांत अठ्ठ्याहत्तर घरांच्या सह्या झाल्या.

सभेत पंचफुलाबाईंनी भाषण केलंच नाही. वही उघडली आणि वाचत सुटल्या. तारीख, पाळी, इंच, सही. तिसऱ्या पानाला कुजबुज थांबली. सातव्या पानाला अभियंत्यांनी पेन काढून अकराचा आकडा खोडला. नाली बजेटात आली.

संध्याकाळी सिंधुताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मी तिरोड्याले जाऊच नको का?"

केवलराम खुर्चीत टेकले, पाय पुसत म्हणाले, "जाय न, चार दिवस जाय. पण बहिणीले सांगून ठेवजो, पुढच्या दिवाळीले तिनंच कोरड्या पायानं आपल्या घरी यावं."