घाटात शेजारी कोण बसणार

गॅरेजात किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. गिऱ्हाईक गाडी लावून बसलेलं, चाकं उघडलेली, पार्ट यायला उशीर, मग तोंड चालू राहतं. बीडजवळ मांजरसुंब्याला, घाटाच्या तोंडाशी, मी अकरा वर्षं ब्रेकचं काम केलं. आजही जुने चौघं भेटलो की विषय तिथंच जातो आणि आम्ही लई हसतो. शेवटचा किस्सा मात्र मी सहसा सांगत नाही. आज विचारलंच आहे, तर ऐका.

*

आमचा उस्ताद म्हणजे मामू. खरं नाव रेशनकार्डावर, बाकी सगळ्या तालुक्याला मामूच. त्याचा एक नियम होता. ज्यानं ब्रेक केला, त्यानं गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून घाट उतरायचा, मगच गाडी सोडायची. कुणी कुरकुरलं की म्हणायचा, "सोताच्या कामात बसायला भीती वाटती, तर तेच काम गिऱ्हाइकाला कामून देतो बे?"

मी पहिल्यांदा बसलो तेव्हा खाली पोचेपर्यंत भीतीनं सीटचं कव्हर टराटरा फाडलं होतं. मामूनं ते माझ्याकडूनच शिवून घेतलं.

*

एकदा एक काळीपिवळीवाला आला. नऊ माणसांची जीप, आत सोळा, टपावर शेळी. म्हणाला, ब्रेक लागत न्हाईत. कवापासून? तर परवापासून. आणि दोन दिवस हा बाबा घाटानं ये-जा करतोय, गियरमध्ये उतरवून!

मामूनं विचारलं, "मग थांबवतोस कशी?"

"थांबवत न्हाई. पाशिंजर उड्या मारतेत."

आम्ही पोट धरून हसलो. मामू हसला नाही. त्यानं जीपची चावी काढून खिशात घातली आणि काम पुरं होईस्तोवर दिली नाही.

*

मग बाहेरच्या कंपन्यांच्या गाड्या आमच्याकडं यायला लागल्या. एबीएसवाली पहिली गाडी आष्टीच्या एका डॉक्टरांनी घेतली. जोरात ब्रेक दाबला की तिचं पेडल पायाखाली थडथडतं. चाक जाम होऊ नये म्हणून ती तशीच बनवलेली असते, पण हे डॉक्टरांना कुणी सांगितलेलं नव्हतं. रस्त्यात म्हैस आडवी आली, पेडल थडथडलं, डॉक्टरांनी दचकून पाय उचलला. म्हैस गेली, बॉनेटही गेलं.

मामूनं त्यांना अर्धा तास समजावलं. हा बिघाड न्हाई, पाय दाबूनच ठेवा. डॉक्टर म्हणाले, मला शिकवू नका. कुठूनतरी ते थडथडणं बंद करून घेतलं. तिसऱ्या महिन्यात गाडी पुन्हा आमच्या दारात. या वेळी बैल होता.

*

या नव्या गाड्यांना दिवे फार. जरा काही बिघडलं की समोर पिवळा दिवा लागायचा, आणि तो का लागला ते सांगणारं मशीन थेट औरंगाबादला. गिऱ्हाईक दिव्याला घाबरायचं. मग मी एक युक्ती काढली. डॅशबोर्डची काच उघडायची, दिव्यावर आतून काळी चिकटपट्टी लावायची, की झालं काम. एक गुरुजी तर परत येऊन माझ्या हातात पेढा ठेवून गेले, गाडी एकदम ठणठणीत झाली म्हणाले.

मामूला कळलं तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. "ताप आला तर थर्मामीटर फोडतो का बे?" मी पुन्हा करणार नाही म्हणून शपथ घेतली. खोटी घेतली, दुसरं काय.

*

रस्त्यांची कंत्राटं घेणाऱ्या बीडच्या एका गुत्तेदारानं मुंबईहून मोठी परदेशी गाडी आणली, जुनीच, पण रुबाब नव्याचा. ती घसरायला लागली की स्वतःच एकेका चाकाला ब्रेक लावून सरळ राहायची. एवढ्यानं त्याचं समाधान होईना. त्याला रेसच्या गाडीसारख्या मोठ्या डिस्क आणि कडक पॅड हवे होते. पुण्याहून पार्सल आलं. काम माझ्याकडं.

डिस्क बसल्या झकास. पण पुढच्या चाकाच्या सेन्सरची बारीक वायर माझ्या पान्यात आली आणि तुटली. जोडली, तरी पिवळा दिवा जाईना. त्या दिव्यात घसरणारी गाडी काढलेली होती. घसरण आवरायची सोय बंद पडलीय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला धारूरला पोरगी बघायला जायचं होतं. मामूला सांगितलं असतं, तर त्यानं गाडी अडवली असती आणि मलाही. मी पट्टी लावली.

सकाळी गुत्तेदार गाडी न्यायला आला. नियमानं मी बसायचं. मामूनं माझा इस्त्रीचा शर्ट बघितला आणि म्हणाला, "जा तू. पाव्हणे वाट बघत बसतेल. म्या बसतो." मी तेव्हाही बोललो नाही. बोलायला किती वेळ लागला असता? एक वाक्य.

घाटात ट्रॉलीतून उसाचं पाचट सांडलं होतं, वर दहिवर पडलेलं. वळणावर गुत्तेदारानं ब्रेक दाबला. कडक पॅडनी पुढची चाकं जागीच धरली. ती आवरायला आत काही शिल्लक नव्हतं. गाडी सरळ घसरत डाव्या अंगानं कठड्यावर गेली. गुत्तेदाराला खरचटलं. मामूचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

चौथ्या दिवशी मी दवाखान्यात मामूच्या उशाशी उभा होतो. गुत्तेदार आला. गाडी खोलल्यावर त्याला पट्टी सापडली होती. ती बोटावर चिकटवून त्यानं मामूपुढं धरली आणि विचारलं, "ही कुणी लावली?"

मी सलाइनच्या बाटलीकडं बघत राहिलो. आजही तो क्षण आठवला की स्वतःची किळस येते.

मामू म्हणाला, "म्या लावली."

गुत्तेदार नाही नाही ते बोलला. बायाबापड्यांसमोर बोलला. मामूनं खालची मान वर केली नाही. तो गेल्यावर मामूनं पाणी मागितलं, मी ग्लास धरला, तो दोन घोट प्याला. मग माझ्याकडं बघून म्हणाला,

"पोरगी कशी हाय, ते न्हाई सांगितलंस."