श्रावणीच्या मानेवरचा गुंता

शारजाला निघाले त्या दिवशी उजाडायच्या आत आईने मला अंगणात पाटावर बसवलं आणि वेणी घालायला घेतली. जीप दारात उभी होती. दादा हॉर्न वाजवून थकला, पण आईने घाई केली नाही. आमच्या घरातल्या बायकांचे केस घायपातासारखे, राठ आणि कोरडे, नुसता वारा लागला तरी एकमेकांत शिरणारे. "टोकाकडनं सोडवीत वर यायचं," आई नेहमी म्हणायची. "मुळातनं वढलं की केस बी तुटतो आन् मानूस बी बोंबलतं." त्या दिवशी मात्र तिने वेणी इतकी घट्ट घातली की विमानतळापर्यंत माझी कानशिलं ठणकत होती. ते ठणकणं थांबू नये असं मला वाटत होतं.

नेवाशाजवळचं आमचं गाव कालव्याखालचं. ऊस भरपूर, पण बोअरचं पाणी मचूळ. त्या पाण्याने डोकं धुतलं की केसांवर मिठाची साय धरल्यासारखं व्हायचं. शारजात समुद्राचं गोडं केलेलं पाणी आणि दिवसभर एसी. तिथे माझे केस आणखी बिघडले. मी एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. वाचायची खोड असल्यामुळे सुपरमार्केटमध्येही डब्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचत उभी राहते. तसं वाचत वाचतच मी हेअर मास्क वापरायला शिकले. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मास्क? तोंडाला बांधत्यात त्यो?" केसांचा, म्हटल्यावर हसत सुटली. "केसाला कशाचा आलाय करोना!"

आई गेली तेव्हा मी वेळेवर पोहोचले नाही. बाहेर गेलेल्यांना हे सांगायला नको. घरी आले तेव्हा अंगण सारवून झालं होतं आणि माणसं हळू आवाजात बोलत होती. दादाची मुलगी श्रावणी, सातवीतली, आजीच्या गोधडीवर भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. तिला ताप होता. ती आजीजवळच झोपायची आणि रोज सकाळी आजीच तिचे केस विंचरायची. आमचा घायपात तिच्याही डोक्यावर आलेला. आता विंचरणारी गेली होती आणि घरात सुतक होतं. सुतकात तेल नाही, फणी नाही. तापातल्या मुलीच्या केसांना कोणी हात लावला नाही. कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

दहाव्याला डोक्यावरून पाणी घालताना वहिनीचा हात श्रावणीच्या मानेवर थबकला. तिथे मुठीएवढा गोळा झाला होता, दाबलेल्या लोकरीसारखा घट्ट. शेजारच्या हिराकाकू, आमच्या चुलत चुलती, जवळच होत्या. त्यांनी बोटाने चाचपलं आणि कपाळाला हात लावला.

"जट हाय. म्हातारी गेली आन् देवीनं पोरीवर हात ठिवला."

आमच्याकडे अशा गोळ्याला जट म्हणतात. ती देवीची खूण मानली, की तिला कात्री लावायची नाही, फणीही लावायची नाही. भंडारा माखायचा, उपास धरायचे. ती वाढत जाते आणि मुलगी हळूहळू देवीची होत जाते. शाळा सुटते, स्थळ येत नाही. माझ्या लहानपणी वरच्या आळीत एक बाई होती. जटेच्या ओझ्याने तिची मान कायम एका बाजूला कललेली असायची. आम्ही मुली तिच्याकडे बघायला भ्यायचो.

मंगळवारी अंगात येणारी बाई बोलवायची आणि भंडारा लावून घ्यायचा, असं काकूंनी ठरवून टाकलं. एकदा तो लागला की गावासमोर गोष्ट पक्की झाली असती. त्यानंतर दोनच दिवसांनी माझं परतीचं विमान होतं. दादाला विचारलं तर तो म्हणाला, "बायकांचं बायकांनी बघा," आणि पाणी द्यायला उसात निघून गेला.

मी वहिनीला म्हणाले, "अगं, हा गुंता आहे. ताप, सुतक, कोरडे केस. दुसरं काही नाही."

वहिनी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "वन्सं, तुमी जाताल इमानात बसून. उद्या तुमच्या दादाला काय झालं, पोरीला काय झालं, तर लोक कुनाला धरत्याल? मला. हितं मला ऱ्हायचंय."

ग्रंथालयात बसून अंधश्रद्धेवर चार वाक्यं मी सहज बोलले असते. पण त्या बोलण्याची किंमत मी भरणार नव्हते, ती भरणार होती. काकूही उगाच बोलत नव्हत्या. त्यांच्या धाकट्या बहिणीची जट नवऱ्याने विळ्याने कापली आणि त्याच वर्षी तिचं बाळ गेलं. काकूंनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

तव्यावरची भाकरी उलटून वहिनी म्हणाली, "कात्री लावायची न्हाई. हातानं सुटला तर गुंता. न्हाई सुटला तर देवीचा."

माझ्या बॅगेत सोनेरी झाकणाचा डबा होता. त्यावर 'रिपेअर', 'केराटिन' असं लिहिलेलं, महागातला. घाईघाईत मी तोच श्रावणीला लावला, बोअरच्या पाण्याने धुतला आणि केस आणखी ताठ झाले. गोळा सुंभासारखा झाला. मी फणीचं टोक घातलं तशी श्रावणी किंचाळली. ओट्यावरून काकू म्हणाल्या, "बघा, हात लावू दीना." वहिनी पदराने तोंड झाकून आत गेली. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.

मग मी शांतपणे डबा उलटा करून वाचला, जे आधी करायला हवं होतं. मास्क दोन जातींचे असतात. एक प्रोटीनचे, माझ्या केराटिनच्या डब्यासारखे, रंग देऊन किंवा इस्त्री करून पोचट झालेल्या केसांना बळ देणारे. दुसरे ओल धरणारे आणि मऊ करणारे. आमच्यासारख्या मुळातच राठ, कोरड्या केसांना बळ आणखी काय द्यायचं? त्यांना ओल हवी असते आणि एकमेकांवरून निसटण्यापुरता बुळबुळीतपणा हवा असतो. प्रोटीनने ते कडक होतात.

दादाच्या मोटरसायकलवर मागे बसून नेवाशाला गेले. दुकानदाराने केराटिनचाच डबा पुढे केला. "ताई, हा घ्या, लेटेस्ट आहे. समद्या पार्लरवाल्या ह्योच नेतात."

"मला साधा हवाय. शिया बटर, ग्लिसरीन असलेला. प्रोटीन नको."

"मग हा घ्या. पण ह्याला गिऱ्हाईक न्हाई, ताई. झाकण बघा की, सोनेरी बी न्हाई."

मी तोच घेतला, आणि दूर दूर दातांची फणी.

मंगळवारी सकाळी श्रावणीला अंगणात बसवलं. आधीचं सगळं काढायला मी पिण्याच्या पाण्याचा फिल्टरचा जार आणला, तेव्हा काकूंना राहवलं नाही. "पेयाचं पानी केसाला! नंदे, तुझ्या शारजात नद्या वाहात्यात व्हय गं?" श्रावणी आजी गेल्यानंतर पहिल्यांदा हसली.

धुऊन झाल्यावर केस टॉवेलने नुसते टिपले, चोळले नाहीत. ओल राहू दिली. मग गोळ्यात मास्क भरला. वरून फासून उपयोग नसतो, बोटांनी आत दाबत राहावं लागतं. त्यावर प्लास्टिकची पिशवी आणि गरम पाण्यातून पिळलेला पंचा गुंडाळला आणि थांबलो. अंगात येणारी बाई दुपारी यायची होती. काकू ओट्यावर भंडाऱ्याची वाटी घेऊन बसल्या होत्या. वहिनी चुलीपाशी होती, पण भांड्यांचा आवाज येत नव्हता.

पंचा काढला तेव्हा गोळा ओल्या लोकरीसारखा लागला. मी धुतलं नाही. मास्क तसाच ठेवून खालच्या टोकाकडून एकेक बट बोटांनी ओढून काढू लागले. बट सुटली की फणी फिरवायची, क्लिपने बाजूला लावायची. कोरडं वाटलं की पुन्हा मास्क. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. माझी बोटं सुरकुतली. लिंबाएवढा गोळा राहिला, मग सुपारीएवढा. तिथे सगळं अडलं. श्रावणी रडत नव्हती, पण तिने माझ्या साडीचा काठ मुठीत धरून ठेवला होता. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

"आत्या, कापून टाक ना," ती पुटपुटली.

मला कापता येत नव्हतं. तसा शब्द दिला होता.

वहिनी हात धुऊन बाहेर आली. माझ्याकडे बघितलं नाही. लेकीच्या मागे बसली, एका हाताने केसांचं मूळ घट्ट धरलं, म्हणजे ओढ डोक्याला लागू नये, आणि दुसऱ्या हाताने मास्कचा डबा जवळ ओढला. तिची नखं भाकरीच्या पिठाने पांढरी होती. ती त्या सुपारीला किती वेळ चिवडत होती कोण जाणे. आधी दोन केस आले. मग एक बट आली. मग सगळं एकदम मोकळं झालं आणि तिच्या हातात गळलेल्या केसांचा एक छोटा पुंजका राहिला.

तिने श्रावणीच्या डोक्यातून फणी फिरवली. वरपासून खालपर्यंत. कुठे अडली नाही.

ती बाई दारात उभी राहिली होती. काकूंनी भंडाऱ्याची वाटी पदराखाली घेतली आणि म्हणाल्या, "ये बाई, च्या घे. गुंता व्हता म्हनं."

मी परत आले. महिनाभराने वहिनीचा फोन आला. आमची म्हातारी म्हैस मेली होती, आणि काकू येऊन "सांगितलं व्हतं" असं बोलून गेल्या होत्या. मी ग्रंथालयाच्या दोन कपाटांमध्ये फोन धरून उभी राहिले. जिची वहिनीला भीती होती ती गोष्ट घडली होती, आणि मी समुद्रापलीकडे होते.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हनलं, काकू, म्हस तुमच्या लग्नाच्या वक्ताची. ती काय अमर व्हती? आन् वन्संचं नाव घेऊ नका. केस मी सोडवलं. इचारायचं तर मला इचारा."

आई गेली की माहेर संपतं, असं मी लहानपणापासून ऐकत आले. जे गावी राहिले ते हे सहज बोलतात आणि आम्ही बाहेर गेलेले मुकाट्याने मान्य करतो. घर म्हणजे मला आई उभी असायची तो उंबरा वाटायचा. आता वाटतं, आपण निघून आल्यावर आपल्या केल्याचा जाब आपल्या वतीनं कोणी देत असेल, तर तिथे आपलं घर आहे. याहून जास्त मला त्याविषयी अजून कळलेलं नाही.

वहिनीने मग श्रावणीची चाचणी परीक्षा सांगितली, उसाची तोड सांगितली. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "मे महिन्यात येताय ना?"

आई गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं.