ट्रीकलच्या पाठीवरचे पांढरे केस

"घोडी उभी राहिली की खोगीर बसलं," असं क्लेम टॅरंट नेहमी म्हणायचा. स्वतः बनवलेलं नवं खोगीर चढवून पोटाखालचा तंग आवळला की तो दोन पावलं मागे सरायचा, घोडी पाय हलवत नाही ना ते बघायचा आणि मगच हे वाक्य उच्चारायचा. त्यानंतर गिऱ्हाईक पुढे काही विचारत नसे. पश्चिम क्वीन्सलंडच्या त्या कोरड्या मुलखात क्लेमचं खोगीर म्हणजे जन्माची सोबत. बाप थकला की लेक त्यावर मांड टाकी.

क्लेमची लेक ब्रॉन्विन हे वाक्य ऐकतच वाढली होती. आता मात्र ते तिला ऐकवत नव्हतं.

त्या दिवशी मैदानावर शर्यती चालल्या होत्या. घोड्यावरून कळपात शिरायचं, एकच जनावर वेगळं काढायचं आणि खांबांना वळसे घालत पिटाळायचं. धूळ ट्रकांच्या टपांवर बसत होती, उपाहारगृहातून तव्यावरच्या मांसाचा वास येत होता. ब्रॉन्विनचा नंबर जवळ आला होता, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चहा अर्धा टाकून ती घोडीकडे जाई, भरलेल्या बादलीत पुन्हा पाणी ओती, तशीच माघारी फिरे.

"काय गं, बुटात मुंग्या शिरल्यात की काय?" शेजारच्या ट्रकाखाली सावलीला बसलेली म्हातारी डॉट ओरडली. "घोडी तुझ्यापेक्षा शहाणी दिसतेय!"

ब्रॉन्विन नुसती हसली. ती विद्यापीठात घोड्यांच्या आरोग्याचा अभ्यास करत होती आणि सोमवारी तिला संशोधनाचा विषय कळवायचा होता. मार्गदर्शक बाईंनी एक विषय तयारच ठेवला होता, रेसच्या घोड्यांच्या घामाचा. घोडे तयार, प्रयोगशाळा तयार, कुणाच्या वाकड्यात शिरायला नको.

पण तिच्या डोक्यातून ट्रीकलच्या पाठीवरचे पांढरे ठिपके जात नव्हते. काकवीसारख्या काळपट अंगाची ही तिची घोडी, आणि मानेमागच्या उंचवट्याला दोन्हीकडे पांढरे केस. इथली माणसं असे ठिपके अभिमानानं दाखवत. कष्टाची घोडी, म्हणत. ब्रॉन्विननंही लहानपणी दाखवले होते. शिकायला गेल्यावर तिला कळलं, की खोगीर रुततं तिथलं रक्त अडतं, केसाचं मूळ दुखावतं आणि पुढे तिथे पांढरा केस उगवतो. हाच विषय घ्यायचा तर याच मैदानावरच्या घोड्यांच्या पाठी तपासायला हव्यात. त्या पाठींवर खोगिरं क्लेमची. तो नको म्हणाला, तर एकही माणूस तिला घोड्याला हात लावू देणार नव्हता.

क्लेम ट्रीकलचा तंग आवळत होता. ब्रॉन्विन जवळ गेली.

"बाबा, मला घामाचा विषय नकोय. पाठीचा घ्यायचाय."

"माझ्या खोगिरांचा म्हण की सरळ."

"खोगिरांचाच."

"इतकी वर्षं झाली, एक घोडा तक्रार घेऊन आला नाही माझ्याकडे."

"येईल कसा? तू बोलावलंस कधी?"

क्लेमनं तंग सोडला, खोगीर उचलून बाजूला ठेवलं. "दाब. कुठे दुखतंय दाखव मला."

तिनं पांढऱ्या केसांवर अंगठा रोवला. ट्रीकल जागची हलली नाही.

"बघ. उभी आहे."

"तुझा हात दे." तिनं त्याचा पंजा घोडीच्या बरगड्यांवर ठेवला. "आता नुसता असू दे."

तिनं पुन्हा दाबलं. क्लेमच्या हाताखाली बरगड्या थांबल्या. घोडी खांबासारखी उभी होती आणि श्वास घेत नव्हती. अंगठा निघाला तशा बरगड्या हलल्या. त्यानं लेकीचा हात बाजूला केला आणि स्वतः दाबून पाहिलं. बरगड्या पुन्हा थांबल्या. आणखी एकदा दाबायला त्याचा अंगठा धजला नाही.

भोंग्यावरून ब्रॉन्विनचं नाव पुकारलं गेलं. दोघंही हलले नाहीत.

"डॉट दात काढेल माझ्यावर," क्लेम म्हणाला.

"काढेल. मग गुपचूप आपल्या घोड्याची पाठ बघायला जाईल."

"आणि मी नको म्हणालो तर?"

"तर सोमवारी घाम कळवते."

पुन्हा नाव पुकारलं गेलं. क्लेमनं खोगीर उचललं आणि उलटं करून काखेत धरलं, आतली गादी बाहेर. कुठलाच कारागीर ती बाजू लोकांना दाखवत नाही.

"डॉटपासूनच सुरू करतो," तो म्हणाला. "तिनं घोडा दिला की बाकीचे मुकाट्यानं देतील."

तो ट्रकांच्या रांगेतून धुळीत चालत गेला. डॉट काहीतरी ओरडली, दोन-चार माणसं वळून बघायला लागली, पण त्याची पावलं थांबली नाहीत. ब्रॉन्विन लगामाची दोरी बोटांना गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत त्याच्या पाठीकडे बघत राहिली. ट्रीकल तिच्या शेजारी होती. उघड्या पाठीनं घोडीनं सगळं अंग झाडलं आणि क्लेमच्या दिशेनं एक पाऊल टाकलं.