मागच्या सीटला न कळलेला रस्ता

महागड्या सेडानबद्दल पहिली गोष्ट ही सांगायची, की ती तुम्हाला काहीच सांगत नाही. खाली डांबर आहे की गिट्टी, बाहेर ऊन आहे की झड, चाकाखाली दगड आला की चिंधी, कशाचाच पत्ता लागत नाही. स्टेअरिंग एका बोटानं फिरतं आणि फिरलं तरी हाताला खबर नसते. दोन वर्षं मी अमरावतीत अशा भाड्याच्या गाड्या चालवल्या. त्याच काळात मी पत्रकंही लिहीत होतो. पत्रकाचा नियम साधा असतो: पहिल्या ओळीत मागणी, दुसऱ्या ओळीत जबाबदार कोण ते. त्या नियमानं इथं दुसऱ्याच ओळीत मी यायला पाहिजे होतो. थोडा उशीर झाला.

बडनेरा रोडला आमच्या मालकाचं पत्र्याचं शेड होतं आणि त्यात सहा सेडान. नवरदेवांसाठी, कंपन्यांच्या पाहुण्यांसाठी, आणि ज्या साहेबाची सरकारी जीप वर्कशॉपात पडली असेल त्याच्यासाठी. कोणी सेमाडोहला जंगल पाहायला न्या म्हटलं, की मालक सरळ नाही म्हणायचे. सेडानचं पोट खाली असतं, दगडावर बसली तर उचलायला माणसं लागतात.

पांढरी सगळ्यात लांब. ॲक्सिलरेटर दाबला की ती क्षणभर थांबायची, वरून मंजुरी यायची असल्यासारखी, आणि मग एकदम सुटायची. काळी डिझेलवरची. उभ्या उभ्या गुरगुरायची, पण मूर्तिजापूरच्या पुढं सरळ रस्ता लागला की शंभरवरही चाळीसवर असल्यासारखी शांत. चांदीरंगाची सिग्नलला आपणहून बंद व्हायची आणि दर वेळी मला वाटायचं, गेली. तिच्या आणि पांढरीच्या सीटमधून गार हवा यायची. अकोल्यात मे महिन्यात बाहेर डांबर चपलेला चिकटत असायचं आणि माझी पाठ गार असायची. सुरुवातीला त्याची लाज वाटली. नंतर लाजही वाटेनाशी झाली.

भाड्याची गाडी कोणाचीच नसते, हे आत बसल्यावर कळतं. सीटची जागा लक्षात ठेवणारी तीन बटणं होती, तिन्हींवर दुसऱ्यांच्याच पायांची मापं. पायाखालच्या मॅटमध्ये अक्षता आणि चमकी. काळ्या गाडीच्या मागच्या सीटवर हळदीचा पंजा उमटलेला, तो कशानंच गेला नाही. एसीच्या जाळीत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या. त्यातल्या काही आमच्याच मळ्यातल्या असणार. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, फुलं आणि भाजीपाला करतो. त्याचा झेंडू अमरावतीच्या बाजारात जायचा, तिथून सजावटवाल्याकडे, तिथून माझ्या बॉनेटवर. नवरदेव उतरला की मीच तो ओरबाडून काढायचो.

मालक नव्या ड्रायव्हरची परीक्षा एकाच पद्धतीनं घेत. मागच्या सीटच्या मधल्या, हात टेकायच्या गादीवर स्टीलचा ग्लास ठेवायचा, काठोकाठ पाण्यानं भरलेला. बडनेऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं. थेंब सांडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी सहाव्या दिवशी पास झालो. "भाऊ, मागच्याले रस्ता कळला त तू ड्रायव्हर कायचा?" असं मालक म्हणाले होते. मी ते मनावर घेतलं. मी गोष्टी मनावर घेणारा माणूस आहे, समितीतही मला त्याच्यासाठीच ठेवलं होतं.

समिती म्हणजे आमच्या गावची रस्ता समिती. अकोला रोडवरच्या फाट्यावरून आत वळलं की आमच्या गावाचा रस्ता लागतो. खाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, आणि वरचं डांबर पापडासारखं उचललं जातं. दर वर्षी वर थोडी गिट्टी फेकून काम झाल्याचा फलक लागतो. मी तो फलक तीन पत्रकांत छापला, खड्ड्यांच्या फोटोशेजारी. कोणाला फरक पडला नाही. मग एक दिवस गावची बस मोरीजवळच्या खड्ड्यात आदळली, तिच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, आणि डेपोनं बस बंद केली. रस्ता योग्य असल्याचं पत्र बांधकाम खात्याकडून येईपर्यंत गाडी येणार नाही, असं कळवलं.

दादाची मुलगी तेव्हा आठवीत होती. शाळा फाट्याच्या पलीकडच्या गावात. बस होती तोवर जायची, बस गेल्यावर कधी दुधाच्या गाडीवर, कधी कोणाच्या मोटारसायकलवर, आणि बरेच दिवस नाहीच. दादा वाईट माणूस नाही. त्यानं फक्त सांगून टाकलं, की जूनपर्यंत बस आली तर नववी, नाही तर पोरगी घरी. पोरगी भांडी घासत होती, ती घासत राहिली.

मी पेटलो होतो. समितीतल्या दोघांना घेऊन सगळा रस्ता पायी चाललो, प्रत्येक खड्ड्याभोवती चुन्याचं कडं काढलं आणि नंबर टाकला. मोरीच्या आधीच्या वळणावर सतरा नंबर, बैलगाडीचं चाक आडवं मावेल एवढा. सगळे नंबर मला पाठ होते, कोणता डावीकडे, कोणता उजवीकडे, कोणाची कड आत ढासळलेली. शेवटचं पत्रक काढलं, त्याची शेवटची ओळ होती: साहेबांनी एकदा या रस्त्यानं येऊन पाहावं.

आणि साहेबांनी होकार दिला. तारीख कळवली. आदल्या दिवशी दुपारी मालकांनी मला बोलावून सांगितलं, की बांधकामच्या साहेबांची जीप बिघडली आहे, पांढरी धुऊन ठेव, उद्या एका खेड्यात जायचं आहे. गावाचं नाव सांगितलं. मी शेडच्या मागं जाऊन दादाला फोन लावला. तो बराच वेळ हसला. माझं ठरलं होतं: एकही खड्डा सोडायचा नाही, एक नंबरपासून सुरुवात करून ओळीनं सगळे द्यायचे. मालकाची गाडी खाली लागली तर लागली. दादा म्हणाला, "साहेबाले चांगलं हालव. कंबर धरूनच उतरला पायजे."

साहेब मागं बसले. वयानं पन्नाशीचे, आवाजावरून पश्चिमेकडचे, वागायला नीट. बडनेरा सुटेपर्यंत फोनवर बोलले, मग फाईल उघडली, मग चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांचे डोळे मिटलेले मी आरशात पाहिले. फाट्यावर वळताना मी मनात म्हटलं, आता उठवतो.

यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. एक नंबर समोर आला, आणि हातानं गाडी डावीकडे घेतली. मी घेतली असं म्हणवत नाही. दोन आणि तीन शेजारी आहेत, त्यांच्या मधून चाकं बरोबर जातात, हे मला चुना टाकतानाच लक्षात आलं होतं. पाय ब्रेकवर पिसासारखा टेकत होता. सात, आठ, अकरा. मला वाटत होतं, पुढचा घेऊ, पुढचा नक्की घेऊ. सतरा नंबरला उजवी चाकं मोरीच्या कठड्याला चिकटवून नेली, तिथं वीतभर जागा आहे आणि ती माझ्याशिवाय कोणालाच माहीत नसेल. काठोकाठ भरलेला ग्लास मागं असता तर सांडला नसता. गावातल्या पाराजवळ गाडी थांबवली तेव्हा साहेब झोपेतच होते. मी दार उघडल्यावर जागे झाले आणि म्हणाले, "आलं पण?"

पारावर गाव जमलं होतं. सरपंचांनी दादाच्याच शेवंतीचा हार घातला. म्हाताऱ्यांनी रस्त्याचं गाऱ्हाणं मांडलं, समितीतल्या एकानं माझंच पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, की मी आत्ताच त्याच रस्त्यानं आलो, एवढी खाली बसणारी गाडी कुठं टेकली नाही, थोडंफार असेल. ते खोटं बोलत नव्हते. गर्दीतून एकेक मान माझ्याकडे वळली. मी पांढऱ्या शर्टात गाडीला टेकून उभा होतो. दादा तांब्या घेऊन आला, मला पाणी देण्याच्या निमित्तानं जवळ झाला आणि तोंड दुसरीकडे करून म्हणाला, "तुले एक खड्डा नाई सापडला का रे?"

मी पाणी प्यायलो. राग यायला पाहिजे होता. साहेबाचा, दादाचा, निदान माझा स्वतःचा. आजवर मला रागाची कधी वाण पडली नव्हती. पण आत त्या गाडीसारखंच झालं होतं, काच बंद आणि बाहेरचा आवाज लांबून येतोय असं. दादाची पोरगी समोरच्या ओसरीचा खांब धरून उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, गाडीकडे पाहत होती.

परतताना मी सतरा नंबर घेतला. सरळ. गाडीचं पोट घासलं, पांढरीनं आयुष्यात पहिल्यांदा आवाज केला, आणि साहेबांचं डोकं काचेला लागलं. काय झालं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खड्डा, साहेब.

"येताना नव्हता."

"होता, साहेब."

"मग येताना बरी चालवली तुम्ही. आता लक्ष कुठं आहे?"

मी गाडी बाजूला घेऊन उभी केली. आरशात पाहूनच सांगितलं, की हे माझं गाव आहे, इथली बस बंद आहे, आणि बस नाही म्हणून माझ्या भावाची मुलगी जूनपासून शाळेतून काढणार आहेत. पत्रकं मी लिहिली, हे नाही सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, फाईल मांडीवर घेतली.

मग त्यांनी विचारलं, "रस्त्याचं काम यादीत घ्यायचं तर दोन वर्षं धरून चाला. बसचं पत्र मी आजच देऊ शकतो. पण मग रस्ता योग्य आहे असं लिहावं लागेल. तुम्ही इथले. बस यायला काही हरकत आहे का?"

हा प्रश्न मला पत्रकात कोणी विचारला नव्हता. रस्ता खराब म्हणालो तर बस नाही. चांगला म्हणालो तर रस्ता संपला, पुढं कधीही कोणी गेलं की हेच पत्र पुढं करतील. चुन्याचं सतरा नंबरचं कडं मागच्या काचेतून दिसत होतं. माझी पाठ गार होती, सीटची हवा चालू होती.

"हरकत नाही, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी गाडीतच दोन ओळी लिहिल्या. पुढचे सगळे खड्डे मी चुकवले, म्हणून अक्षर चांगलं आलं असणार. गाडीचं पोट घासलं म्हणून मालकांनी मला पुन्हा ग्लास ठेवून बडनेऱ्यापर्यंत पाठवलं. थेंब सांडला नाही.

जूनमध्ये बस सुरू झाली. समितीतल्यांनी ड्रायव्हरला पेढा भरवला आणि मला सांगितलं, की विजयाचं पत्रक काढ, लिही की लढ्याला यश आलं. मी पहिली ओळ लिहिली: बस आली. दुसरी ओळ अजून लिहिलेली नाही. पत्राची एक नक्कल ग्रामपंचायतीत लावली आहे, रस्ता वाहतुकीस योग्य. कोणी रस्त्याचा विषय काढला की ग्रामसेवक तिच्याकडे बोट दाखवतो. पत्र कसं आलं ते दादाला मी सांगितलं. तो वाफ्यात निंदत होता. "बरं केलं," म्हणाला, आणि निंदत राहिला. त्यानं मला आजवर त्याबद्दल टोमणा मारला नाही, याचं मला जास्त वाटतं, किंवा वाटायला पाहिजे.

माझ्या मागच्या सुट्टीच्या दिवशी मी गावाहून फाट्यापर्यंत पुतणीसोबत बसनंच गेलो. ती आता नववीत आहे. दप्तर पोटाशी धरून, पाय समोरच्या सीटला रोवून बसते, सगळीच पोरं तशी बसतात. बस रुंद आहे, तिला वीतभर जागेतून जाता येत नाही, आणि ड्रायव्हर काही चुकवतही नाही. चुना केव्हाच धुऊन गेला होता, पण खड्डे होते तिथंच होते, थोडे मोठे झालेले. पहिल्या दणक्याला तिची वही खाली पडली. तिनं उचलली, झटकली आणि मला विचारलं, "काका, तू साहेबाले कोन्त्या रस्त्यानं आनलं होतं?"

याच, मी म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. मोरीचं वळण आलं तसे मांडीवरचे माझे दोन्ही हात आपोआप डावीकडे वळले. बस सरळ सतरा नंबरात गेली.