मेणावरचा कवी आणि बाबांची चाल

माझे बाबा अकोल्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि इंग्रजी कविता चालीवर म्हणायचे. चालीवर म्हणजे अगदी गाणं नव्हे. ओळ सुरू करताना आवाज उचलायचा, मधला एखादा शब्द लांबवायचा आणि यमकावर अलगद खाली आणून ठेवायचा. शाळेत आर्या म्हणायला शिकवतात, त्याच्याच जवळपासचं काहीतरी.

एक इंग्रज कवी त्यांचा खास लाडका. जुन्या काळातला, भरघोस दाढीचा, हयातीतच देशभर गाजलेला. बाबांनी नोकरीभर तोच शिकवला. वर्गातल्या पोरांना अर्थ किती कळायचा देव जाणे, पण ओळी पाठ व्हायच्या. स्टाफरूममध्ये मात्र पुण्याहून आलेले एक सहकारी होते, अतिशय शुद्ध उच्चारांचे. ते म्हणायचे, "सर, त्या बिचाऱ्या साहेबाला तुम्ही सोवळं नेसवून पाटावर बसवलंत!" बाबा तिथे हसायचे आणि घरी येऊन आईला विचारायचे, "खरंच वाईट वाटतं का गं ऐकायला?"

"मला त्यातला एक शब्द कळत नाही," आई म्हणायची, "पण झोप येत नाही, एवढं खरं."

मागच्या हिवाळ्यात दोघं आमच्याकडे कॅनडात, एटोबिकोला आले. बर्फ पडला की घरापुढचा ड्राइव्हवे फावड्याने साफ करायचं काम बाबांनी हट्टाने मागून घेतलं. मी किती वेळा सांगितलं, "बाबा, पाठ धरेल, राहू द्या." पण ते स्वेटरवर स्वेटर, त्यावर माझ्या नवऱ्याचं जॅकेट असे फुगून बाहेर पडायचे, आणि फावड्याच्या तालावर त्यांची कविता सुरू व्हायची.

आमच्या शेजारच्या बाई रेडिओवर साउंडचं काम करून रिटायर झालेल्या. त्या एकदा कुंपणापाशी थांबून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी कवीचं नाव घेऊन विचारलं, "त्याचीच ना? त्याचा स्वतःचा आवाज ऐकलाय तुम्ही?"

बाबा बुटांसकट, हातातल्या बर्फाच्या फावड्यासकट थेट हॉलमध्ये आले. "अगं, त्या बाई काहीतरी भलतंच म्हणतायत. म्हणे त्याचा आवाज आहे!"

खरंच होता. ध्वनिमुद्रण नुकतं कुठे सुरू झालं होतं तेव्हा त्या म्हाताऱ्या कवीकडून काही कविता म्हणवून घेतल्या होत्या, मेणाच्या नळकांड्यांवर. त्या आता इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतात. मी लगेच फोन काढला, पण बाबांनी माझा हात धरला.

"नको. आत्ता नको."

पुढे कितीतरी दिवस त्यांनी तो विषयच काढला नाही. एकदा भाजी निवडताना मीच विचारलं, तेव्हा म्हणाले, "आयुष्यभर पोरांना सांगत आलो की ही कविता अशी म्हणायची. तो सरळ, सपाट वाचत असला तर? मग मी काय शिकवलं?"

आई पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, ज्याच्याबरोबर अख्खी नोकरी काढलीत, त्याला एकदा भेटायला काय भ्यायचं?"

त्या शनिवारी दुपारी आम्ही तिघं बाईंच्या बेसमेंटमध्ये गेलो. तिथे जुन्या फोनोग्राफांची मांडणी होती, पितळी कर्णे, लाकडी पेट्या, आणि सगळीकडे तेलाचा वास. बाईंनी कवीचं रेकॉर्डिंग मोठ्या स्पीकरवर लावलं. आधी नुसतीच खरखर, कढईत पापड पडत असल्यासारखी. आईने काळजीने विचारलं, "बिघडलंय का?" आणि तेवढ्यात त्या खरखरीच्या मागून एक आवाज आला.

तो आवाज वाचत नव्हता. ओळ उचलत होता, शब्द लांबवत होता, यमकावर उतरत होता. कविता चक्क चालीत चालली होती.

बाबा खुर्चीच्या अगदी कडेला सरकले. त्यांचे ओठ हलू लागले आणि बघता बघता ते त्या आवाजाबरोबर म्हणायला लागले. चाल तीच नव्हती, ताल थोडा मागेपुढे होत होता, पण दोन म्हातारे शेजारी बसून म्हणत असावेत असं वाटत होतं. रेकॉर्डिंग संपल्यावर बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, हा तर आपल्यातलाच निघाला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळी, त्यांनी पुण्याच्या त्या सहकाऱ्यांना व्हिडिओ कॉल केला. तेही आता ऐंशीच्या घरात. बाबांनी फार बोलणं न करता रेकॉर्डिंगच लावलं.

"तुमच्याकडे नेट खराब आहे का हो? नुसती खरखर येतेय," ते म्हणाले.

"नेट नाही, मेण आहे ते. खुद्द आपला कवी म्हणतोय. ऐका नीट."

त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे तोही चुकीचंच म्हणत होता."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पलीकडचे गृहस्थही हसत सुटले, आणि मग दोघं तासभर कवितेवरून भांडत बसले. बाबांना इतकं खुशीत मी कॅनडात पहिल्यांदाच बघत होते.

नंतर बाईंनीच सुचवलं, "तुमचाही आवाज मेणावर घेऊ या का?" त्यांच्याकडे एक कोरी नळकांडी होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाईंनी त्यांना कर्ण्यासमोर उभं केलं आणि बजावलं, "मोठ्याने म्हणा, पण ओरडू नका. आणि मध्ये थांबू नका."

नळकांडी फिरू लागली. सुई मेण कोरत होती, केसांसारखे बारीक तंतू निघत होते आणि बाई ते मऊ ब्रशने हलकेच झाडत होत्या. बाबांनी वर्गात म्हणायचे तशीच कविता म्हटली, एक हात वर करून. संपल्यावर ते मागे सरकले. नळकांडी अजून फिरतच होती. तेव्हा आई पुढे झाली आणि कर्ण्यात तोंड घालून म्हणाली, "हॅलो? अहो, झालं का? चला, चहा गार होतोय."

बाईंनी सुई बदलून ते परत वाजवलं. बाबांचा आवाज बारीक आणि लांबून येत होता, पाटाच्या पलीकडच्या काठावरून कुणी हाक मारावी तसा.

"हा माझा वाटत नाही," बाबा म्हणाले. "कुणातरी म्हाताऱ्याचा वाटतो."

"मग काय तरण्याचा वाटायला हवा?" आई म्हणाली.

तेवढ्यात कर्ण्यातून तिचाच आवाज आला, हॅलोपासून चहापर्यंत, आणि तिने लाजून तोंडाला पदर लावला. बाईंना मराठीचा गंधही नव्हता, पण त्याही खो खो हसत होत्या. मेण फार नाजूक असतं, प्रत्येक वेळी वाजवलं की थोडंसं झिजतं, असं त्यांनी समजावून सांगितलं.



"तरी एकदा लावा," बाबा म्हणाले. "माझी कविता राहू द्या. शेवटचं, चहाचं तेवढं."