दोन गुंड्यांचा गळपट्टा

लेकीची पहिली नेमणूक झाली ती उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका लष्करी इस्पितळात, नर्स म्हणून. आमच्या घरात वर्दी कुणीच घातली नव्हती. मी पाटबंधारे खात्यातला कारकून. बातमी कळली त्याच संध्याकाळी बायको सांगलीच्या पेठेत गेली आणि लोकर घेऊन आली. टोकं नसलेला, डोक्यातून घालायचा गोल गळपट्टा ती विणणार होती. मफलरची टोकं कामात लोंबतात, असं तिचं म्हणणं.

लोकर रंग बदलणारी होती. एकाच धाग्यात नारिंगीतून तांबडा, तांबड्यातून जांभळा, मग निळा, मग हिरवा, असे रंग हळूहळू येत. बायकोने असे दोन गुंडे घेतले. एक नारिंगीपासून सुरू केला. दुसरा निळा येईपर्यंत सोडून घेतला. दोन फेर या गुंड्याचे, दोन फेर त्या गुंड्याचे. दोन्ही सुया एका तारेने जोडलेल्या, म्हणून विणकाम गोल फिरत वर चढतं आणि कुठे शिवण लागत नाही. दोन्ही गुंडे आपापल्या गतीने रंग बदलतात आणि पट्टे आपोआप पडत जातात.

चार बोटं विणून झालं आणि तिचा उजवा हात मोडला. मोरी मी साबणाने घासली होती. पाणी ओतायच्या आत फोन आला आणि मी बाहेर गेलो. ती घसरली. मिरजेला नेऊन प्लास्टर घातलं. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण तिच्या गळ्यातली झोळी दिसली की मी पुन्हा माफी मागायला लागे. तिची काळजी वेगळीच होती. "पोर थंडीत जाणार आणि माझं काम अर्धं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणे.

"मी विणू का?" मी विचारलं.

"तुम्ही?" ती इतकी हसली की दुखरा हात धरून बसली. "अहो, पायजम्यात नाडी ओवायला मला हाक मारता तुम्ही!"

पण नाही म्हणाली नाही. आधी जुन्या पांढऱ्या लोकरीवर हात बसवायला लावला. डाव्या हाताच्या बोटाने दाखवायची, चुकलं की आपणच सुई ओढून सगळं उसवायची. "एवढं आवळू नका. लोकर पळून जात नाही." हात बसला तेव्हा तिने गळपट्टा माझ्या मांडीवर ठेवला, आणि देवघरातली मूर्ती हातात द्यावी तसं माझ्याकडे बघितलं.

खात्याच्या कामाला मला आठवड्यातून दोनदा साताऱ्याला जावं लागतं. एसटीत वेळच वेळ. पहिल्यांदा सुया काढल्या तेव्हा कान तापले. कराडला शेजारी एक फेटेवाले आजोबा येऊन बसले. बराच वेळ बघत राहिले.

"आवं पाव्हणं, काय इणताय?"

"लेकीला गळपट्टा. लष्करी इस्पितळात नर्स म्हणून चाललीय, उत्तरेकडे डोंगरात."

"मालकीणबाई न्हाईत व्हय?"

"आहेत. हात मोडलाय त्यांचा."

"मंग बरुबर हाय." लोकर बोटांत धरून म्हणाले, "माजं पोरगं फौजंत हुतं. थंडी लय वंगाळ असती तिकडं. आवळ इना जरा."

"बायको म्हणते सैल विणा."

"मंग तिचंच ऐका. घरी जायाचंय तुमाला."

सगळी गाडी हसली. मीही हसलो, आणि पुढच्या प्रवासांत कान तापले नाहीत.

घोळ झाला तो परतीच्या एका प्रवासात. पिशवीत दुसऱ्या गुंड्याचा गुंता झाला. मला टापटिपीची भारी सवय. सोडवत बसण्यापेक्षा मी गुंत्याचा भाग सरळ कापून टाकला, धाग्याला धागा जोडला आणि विणत सुटलो. कापलेल्या भागाबरोबर दुसऱ्या गुंड्याचे मधले रंगही गेले, हे ध्यानातच आलं नाही. आता दोन्ही गुंडे एकदमच जांभळे झाले होते. उजेड कमी होता, आणि टाके पडत नाहीत याच आनंदात मी होतो.

नेमणुकीवर रुजू होण्याआधीच्या सुट्टीत लेक घरी आलेली होती. दोन दिवसांनी तिची गाडी. मी गळपट्टा पुढे केला. बायकोने तो डाव्या हातावर चढवून दिव्याखाली फिरवला आणि थांबली. पट्टे वर चढत येत होते आणि मध्येच नाहीसे झाले होते. तिथून वर नुसता जांभळा.

"आई, राहू दे ना. कोण बघतंय एवढं?" लेक म्हणाली.

"मी बघतेय," बायको म्हणाली.

मी माफी मागायला लागलो. मोरीपासून सुरुवात केली. खरं तर माझी सगळी वाक्यं तिथूनच सुरू होत होती. तिने मला मध्येच तोडलं. "सॉरी म्हणून पट्टे पडणार आहेत का? उसवा."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. जोडापर्यंत सगळं उसवलं. सुटे टाके एकेक करून पुन्हा सुईवर घेताना श्वास धरावा लागत होता. एक निसटला की खाली धावत जायचा. बायको समोर बसून डाव्या हाताने गुंडा सोडत होती. जांभळा संपला, निळाही संपला आणि हिरवा हाती आला तेव्हा "आता घ्या" म्हणाली. लेक चहा करून देत होती आणि आईची नक्कल करत होती, "सैल, सैल." संध्याकाळी शेवटचा टाका बंद केला. लेकीने गळपट्टा डोक्यातून घातला. कानांवरून सरकून तो गळ्याशी नीट बसला.

बायकोने अंगठा आतून फिरवला. ती काय म्हणते याची मी परीक्षेला बसल्यासारखी वाट बघत होतो.

"तुमचे टाके आवळ आहेत," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा फिरवून, "पण सगळे सारखे आहेत."

तिच्या तोंडून विणकामाबद्दल एवढं कौतुक तिच्या सख्ख्या बहिणीलाही मिळालेलं नाही.

मिरज स्टेशनवर लेक खिडकीशी बसली. उकडत होतं, तरी गळपट्टा गळ्यातच. "ड्यूटीवर चालायचा नाही, पण खोलीवर रोज घालीन," असं तिने आईला सांगून ठेवलं होतं. समोरच्या बाकावरच्या बाईंनी हात लावून बघितला. "छान आहे गं. कुठून घेतला?"

बायको खिडकीच्या गजांतून म्हणाली, "घेतला नाही. खालची चार बोटं माझी. वरचं सगळं ह्यांनी विणलंय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही?"

नाही हो, सगळं हिनंच शिकवलं, मी आपला नुसता हात चालवला, असं काहीतरी ओठांवर आलं होतं. लेक माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "मी विणलाय."