सुतकात आलेली तारीख

सोनगीरच्या बेबाबाईने फुकटच्या वकिलासाठी धुळ्याच्या कोर्टाचे उंबरठे झिजवले, ते नवऱ्याला नुसतं सोडवायला नव्हे. तो चोर नाही, हे तिला जजसाहेबांच्या तोंडून अख्ख्या गावाला ऐकवायचं होतं.

नवरा, भटू, एका बड्या शेतकऱ्याकडे सालदार. विहिरीवरची मोटार चोरीला गेली आणि खापर फुटलं मळ्यात झोपणाऱ्या भटूवर. मोटार काही सापडली नाही, भटू मात्र आयताच सापडला! पोलिसांनी नेऊन तुरुंगात टाकला. जामीन राहायला गावातलं एक माणूस पुढे येईल तर शपथ.

कुणीतरी सांगितलं, गरिबाला सरकार फुकट वकील देतं. देतं हो, नाही कोण म्हणतो? त्यासाठी कोर्टात एक समिती, तिची बैठक भरली की वकील नेमणार. पण बैठक भरेल तेव्हा ना! कधी साहेब बदलून गेले, कधी माणसंच जमली नाहीत, मग उन्हाळ्याची सुट्टी. बेबाबाई मजुरी बुडवून एस.टी.ने जायची, कोर्टातल्या निंबाखाली ताटकळत बसायची. कारकून मान वर न करता म्हणायचा, "बाई, पुढच्या महिन्यात या." घरी खाटेला खिळलेली सासू विचारायची, "वकील भेटना का वं?"

दिवाळी गेली, संक्रांतही गेली. शेवटी निरोप आला: सोमवारी बैठक, जातीने हजर राहा. आणि बैठकीच्या दोनच दिवस आधी सासूने डोळे मिटले. एकुलता एक लेक तुरुंगात, म्हणून पुतण्याने अग्नी दिला.

घरात सुतक लागलं. सुतकात माणूस देवळाची पायरी चढत नाही. आणि कोर्ट? जिथे देवाची शपथ घेतात, तिथे सुतक घेऊन जायचं कसं? निकालच उलटा लागला तर? बेबाबाई घरीच बसली. वेडी म्हणा हवं तर, पण केलं ते नवऱ्याच्याच भल्यासाठी.

तेरावं उरकून ती धुळ्याला धावली. कारकून म्हणाला, "गैरहजर होतात. आता नव्याने अर्ज करा."

"भाऊसाहेब, घरात मयत झाली होती."

"मग कळवायचं नाही का?"

बेबाबाईने पिशवी उचलली. तशीच ती तुरुंगात भेटीला गेली. जाळीपलीकडच्या भटूला आई गेल्याचं आणि वकील हुकल्याचं एकदमच सांगितलं. अग्नी कुणी दिला, एवढंच त्याने विचारलं.

पुढच्या तारखेला जजसाहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" भटू म्हणाला, "हो." शिक्षा झाली तेवढी आत बसून आधीच भोगून झाली होती. संध्याकाळी सुटून तो घरी आला.

"कसाले कबूल करं?" ओट्यावर बेबाबाईने हंबरडाच फोडला. "इतके दिस मी कसाले फिरनू?"

"माय तर गई," भटू म्हणाला. "आते मी चोर नही, हाई कोनले सांगनं शे?"

बेबाबाई 'गावले' म्हणणार होती. पण समोरची सुगंधाबाई आपल्या दारातली बादली उचलून घरात नेत होती, आणि भटू तिकडेच बघत होता.